ग्रंथालयाच्या दारावरचा फळा

गेल्या वर्षींच्या जुलै महिन्यांतील गोष्ट. रात्रीचीं पानें वाढलीं होतीं, बाहेर पावसाची संततधार लागली होती, आणि आमची पुतणी, जी त्या वेळीं इयत्ता नववींत होती, पाटावर बसतां बसतां आपल्या वडिलांपुढें एक घडी घातलेला कागद ठेवून म्हणाली, "बाबा, यावर सही हवी." आमच्या घरीं सहीचा कागद म्हणजे बहुधा प्रगतिपुस्तक, नाहींतर उशिरा गेल्याबद्दलची चिठ्ठी, त्यामुळें पंक्तींतील सर्वांचेंच लक्ष तिकडे गेलें. कागदावर तिनें शाळेच्या ग्रंथालयाच्या दारावरील फळ्यावरून तीन गोष्टी उतरून घेतल्या होत्या. शनिवारीं शाळा सुटल्यावर तासभर वाचनमंडळ. जुन्या मराठी पुस्तकांचीं पानें संगणकावर तपासून देण्याचें काम, तें घरबसल्या. आणि तिसरी गोष्ट, जिच्याखालीं तिनें दोन रेघा ओढल्या होत्या, ती अशी कीं दहावीच्या परीक्षेस बसणाऱ्या एका अंध विद्यार्थिनीस लेखनिक हवी आहे, तरी नववींतील मुलींनीं घरचें संमतिपत्र घेऊन ग्रंथपालबाईंस भेटावें.

आमच्या थोरल्या बंधूंनीं कागद वाचून ताटाशेजारीं ठेवला. "पुढच्या वर्षीं तुझी स्वतःची दहावी. हे उद्योग आतां कशाला?" एवढेंच ते बोलले. आमचे तीर्थरूप, ज्यांस घरांत व गांवांत सर्वजण नाना म्हणतात, त्यांनीं तीसाहून अधिक वर्षें हायस्कुलांत गणित शिकविलें आहे. त्यांनीं आपल्या चिरंजिवांस दुजोरा दिला. वाचन अवश्य करावें, परंतु परक्याचा पेपर लिहिण्यांत आपला अभ्यास किती बुडतो याचा हिशेब आधीं मांडावा, असें त्यांचें म्हणणें पडलें. आमटी वाढतां वाढतां वहिनी म्हणाल्या, "सगळ्याच घरांत हा हिशेब मांडला, तर त्या मुलीचा पेपर लिहावा कोणी?" यावर कोणीच कांहीं बोललें नाहीं. सही त्या रात्रीं झाली नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्हीं शाळेंत जाऊन सर्व प्रकार डोळ्यांनीं पाहून यावा असें ठरलें. कारण असल्या कामांत नाक खुपसण्याची संवय घरांत आम्हांसच अधिक.

खरें सांगावयाचें तर शाळेचें ग्रंथालय म्हटलें कीं आमच्या डोळ्यांपुढें अजूनहि एक कुलूपच उभें राहतें. आम्ही ज्या शाळेंत शिकलों तेथें मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरील बोळांत कांचेचीं सहा कपाटें होतीं. पुस्तकांचीं नांवें बाहेरून वाचतां येत. पुस्तकें मात्र हातीं येत नसत. शुक्रवारीं शेवटच्या तासाला शिपाई एक गठ्ठा घेऊन वर्गांत येई, वर्गशिक्षक हजेरीच्या क्रमांकानें पुस्तकें वाटीत, आणि ज्याच्या वाट्यास जें येईल तें त्यानें आठवडाभर सांभाळून परत करावें. वाचलेंच पाहिजे असा नियम नव्हता. फाडतां कामा नये एवढा होता. आमच्या क्रमांकाचें दैव असें विचित्र, कीं एकाच वर्षांत कोंबड्यांच्या जोपासनेवरील तेंच तें सरकारी पुस्तक तीन वेळां आमच्या वाट्यास आलें. ज्या घरांत अंड्याचें नांवहि स्वयंपाकघरांत घ्यावयाची सोय नव्हती, त्या घरांत तें तिसऱ्यांदा आलेलें पाहून आमच्या आजीनें तें दप्तरासकट ओसरीवर ठेवावयास लाविलें होतें. पुढें वाचनाची जी गोडी लागली ती या कपाटांमुळें नव्हे, तर ती असूनहि लागली.

या शाळेंतील खोली कांहीं मोठी नव्हती. वर्गाच्या दोन खोल्यांमधील भिंत पाडून केलेली ती जागा; तीन बाजूंस उघडीं फडताळें, मध्यें दोन लांब टेबलें, आणि पावसाळ्यांत सर्वत्र भरून राहणारा ओलसर पुठ्ठ्याचा वास. दारावर मात्र वर्गांतला जुना, पाय मोडलेला फळा खिळ्यानें ठोकून बसविलेला. त्यावर खडूनें, दुरूनहि वाचतां येईल अशा अक्षरांत, पांचसहा मजकूर लिहिलेले होते, आणि प्रत्येकाखालीं शेवटची तारीख. या फळ्याची जन्मकथा ग्रंथपालबाईंनीं सांगितली ती आमच्या वाचकांनीं आपापल्या गांवच्या शाळेशीं ताडून पाहण्याजोगी आहे. निबंधस्पर्धा, नाट्यशिबिर, सार्वजनिक वाचनालयाची सुट्टींतील सभासद-योजना, व्याख्यानमाला, अशीं पत्रें शाळेच्या कचेरींत वर्षभर येत असतात. तीं मुख्याध्यापकांच्या टेबलावर वजनाखालीं पडून राहतात, आणि मुदत टळून गेल्यावर दप्तरीं दाखल होतात. बाईंनीं शिपायास एवढेंच सांगितलें, कीं असला कागद आला म्हणजे तो आधीं ग्रंथालयांत आणावा. पुढें १२ ऑगस्टला, म्हणजे ग्रंथपालदिनाच्या दिवशीं, हा फळा दारावर चढला.

तो दिवस ज्यांच्या जन्मदिवसावरून पाळतात ते शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ सालीं ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हां आरंभीं त्या एकाकी खोलींत इतके कंटाळले कीं पुन्हां शिकविण्याचें काम मागूं लागले. पुढें इंग्लंडांत शिक्षणासाठीं गेल्यावर त्यांस या विद्येची गोडी लागली, व १९३१ सालीं त्यांनीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील पहिला नियम पुस्तकें वापरण्यासाठीं असतात असें सांगतो, आणि आमच्या सहा कांचेच्या कपाटांस तो ठाऊक नव्हता. ही हकीकत आम्हीं घरीं येऊन नानांस सांगितली, तेव्हां त्यांनीं फक्त "गणित सोडून गेला होय!" असा शेरा मारला.

शाळेच्या ग्रंथालयानें पुस्तकांपलीकडे जाऊन मुलांस हें कर, तेथें जा, असें सांगावें काय, अशी शंका कांहीं पालक घेतात. ही कल्पना मुळींच नवी नाहीं. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनीं १९१० सालीं अमेरिकेंतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास बडोद्यास आणविलें, व सुमारें तीन वर्षें त्यांच्याकडून आपल्या राज्यांतील ग्रंथालयांची घडी बसवून घेतली. लांकडी पेट्यांत पुस्तकें भरून त्या खेडोपाडीं धाडण्यांत येऊं लागल्या. बडोद्यांत मुलांसाठीं व स्त्रियांसाठीं वाचनाची निराळी सोय झाली, आणि ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस जादूच्या दिव्यानें चित्रें दाखविण्याचें कामहि त्याच खात्यानें अंगावर घेतलें. जनार्दन सखाराम कुडाळकर यांनीं ही सारी हकीकत इंग्रजींत लिहून १९१९ सालीं प्रसिद्ध केली आहे. ज्या ग्रंथालयानें शंभर वर्षांपूर्वीं निरक्षरांस आपल्या दारीं बोलाविलें, त्याच्या मानानें एका हायस्कुलाचा फळा ही फार लहान गोष्ट आहे.

वाचनमंडळाचा आरंभ फसला होता, हें बाईंनीं मोकळेपणानें सांगितलें. पहिल्या दोन शनिवारीं त्यांनीं स्वतः थोरांचीं चरित्रें निवडलीं. पहिल्या दिवशीं नऊ मुलें आलीं, दुसऱ्या दिवशीं तीन. तेव्हांपासून नियम बदलला. ज्यानें पुस्तक आणावें त्यानें पहिलीं पांच पानें मोठ्यानें वाचावींत. ऐकणारांस रुचलें नाहीं तर त्यांनीं 'पुरे' म्हणावें, व वाचणारानें रुसूं नये. आम्ही गेलों त्या शनिवारीं चौदा मुलें होतीं, आणि भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, चालला होता. 'पुरे' कोणी म्हटलें नाहीं. नंतर 'किशोर' मासिकाचे जुने अंक निघाले. बालभारतीचें हें मासिक १९७१ सालीं सुरू झालें, व त्याचे मागील अंक आतां संगणकावर विनामूल्य पहावयास मिळतात, हें त्या खोलींतील मुलांस ठाऊक होतें, आम्हांस नव्हतें. शेवटचीं दहा मिनिटें कोशाच्या खेळाचीं. टेबलावर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पुनर्मुद्रित प्रत होती. या कोशाची दुसरी आवृत्ति १८५७ सालची. एकानें डोळे मिटून पान उघडावें, बोट ठेवावें, आणि त्या शब्दाचा अर्थ इतरांनीं ओळखावा. आमच्या कुटुंबांत ज्या शब्दांवरून लहानपणीं बोलणीं खाल्लीं तसले दोन शब्द त्या दहा मिनिटांत निघाले. ते येथें देत नाहीं.

स्पर्धांच्या बाबतींत आमचें मन साशंक होतें व थोडेंसें अजूनहि आहे. हल्लीं प्रमाणपत्रांचा सुकाळ झाला आहे, आणि भिंतीवर चौकटी टांगण्याच्या हौसेनें मुलांस दर रविवारीं कोठें ना कोठें धांवडविणारे आईबाप आपल्याच आळींत आहेत. बाईंचा उपाय साधा आहे. त्या फळ्यावर बक्षिसाची रक्कम लिहीत नाहींत. विषय, तारीख व प्रवेशमूल्य असल्यास तें, एवढेंच लिहितात. आणि स्पर्धेनें कोणाचें भलें होतच नाहीं असेंहि म्हणवत नाहीं. जयंत नारळीकर यांची 'कृष्णविवर' ही कथा अशाच एका स्पर्धेसाठीं लिहिलेली. मराठी विज्ञान परिषदेनें १९७४ सालीं विज्ञानकथांची स्पर्धा ठेविली होती. आपल्या नांवाच्या भारानें परीक्षक वांकूं नयेत म्हणून त्यांनीं स्वतःचीं आद्याक्षरें उलटीं करून 'नारायण विनायक जगताप' या नांवानें कथा धाडली, हस्ताक्षर ओळखूं येऊं नये म्हणून ती पत्नीकडून लिहवून घेतली, आणि तिला पहिलें पारितोषिक मिळालें. जगभर नांव झालेला गणिती टोपणनांवानें रांगेंत उभा राहतो, ही गोष्ट बाई मुलांस दरवर्षीं सांगतात म्हणे. नानांस ती आम्हीं दोनदां सांगितली.

२७ फेब्रुवारीस, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशीं येणाऱ्या मराठी भाषा गौरव दिनास, ग्रंथालयाचें हस्तलिखित मासिक निघतें. एकच प्रत, आणि ती टेबलावर साखळी न लावतां ठेविलेली. अमळनेरास साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत प्रताप हायस्कुलांत शिक्षक असतांना छात्रालयांतील मुलांसाठीं हस्तलिखित दैनिक काढीत. रोज एवढें लिहावयाचें, तेंहि शाळा सांभाळून, याची कल्पना महिन्यांत एक अंक काढतांना मुलांच्या होणाऱ्या तारांबळीवरून यावी.

आतां स्वयंसेवेकडे वळूं. या शब्दाचा आपल्याकडे थोडा दरारा आहे. खांद्यावर पट्टा, हातांत डबा असें कांहीं तरी डोळ्यांपुढें येतें. या खोलींत तो शब्द अगदीं घरगुती झालेला दिसला. पुस्तकांचें दवाखान्याचें काम गुरुवारीं मधल्या सुट्टींत चालतें. मैद्याची खळ शिजवून तींत चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे कसर लागत नाहीं. मोरचूद विषारी असल्यामुळें तें मोठीं माणसेंच घालतात, आणि खळीचे हात धुतल्याशिवाय डब्यास हात लावूं देत नाहींत. सुटलेलीं पानें शिवावयाचीं, पाठीवर कापडी पट्टी चिकटवावयाची, आणि रात्रभर वजनाखालीं दाबून ठेवावयाचीं. हें सर्व शिकविण्यास गांवांतील एक वृद्ध बांधणीवाले येतात व चहाखेरीज कांहीं घेत नाहींत.

संगणकावरील कामाचा प्रकार आम्हीं आमच्या चिरंजिवांकडून, जे तेव्हां आठवींत होते, समजावून घेतला. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षें लोटलीं कीं आपल्या कायद्यानें त्याचें लिखाण सर्वांस मोकळें होतें. अशा पुस्तकांचीं छायाचित्रें 'विकिस्रोत' या मुक्त ग्रंथालयांत ठेविलेलीं असतात. यंत्र तीं वाचतें व अक्षरें उतरवून देतें. परंतु यंत्रास 'ध' व 'घ', 'भ' व 'म' यांतील भेद नेहमींच कळतो असें नाहीं. तेव्हां माणसानें मूळ पान एका बाजूस ठेवून ओळीनें चुका दुरुस्त करावयाच्या. एकदां तपासलें कीं पान पिवळें होतें. दुसऱ्या कोणीं पुन्हां तपासलें कीं हिरवें. पहिल्याच आठवड्यांत चिरंजीव नानांकडे तक्रार घेऊन गेले, कीं जुन्या पुस्तकांत 'नाहीं'वर आणि 'घरांत'च्या रांवर उगीच टिंबें दिलीं आहेत, तीं खोडावींत काय? नानांनीं त्यास समोर बसवून तासभर अनुस्वाराचें पुराण सांगितलें. कोणतें टिंब कोणत्या विभक्तीचें, नपुंसकलिंगाचें कोणतें, आणि १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनीं यांतील न उच्चारलीं जाणारीं टिंबें कशीं गेलीं तें. मूळ पानावर जें आहे तें तसेंच ठेवावयाचें, हा त्या कामाचा नियम असल्यामुळें एकहि टिंब खोडलें गेलें नाहीं. आम्ही स्वतः जुन्या वळणाचे असल्यामुळें अजून तसेंच लिहितों, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. आमच्या घरांत आतां तसें वाचूं शकणारा एक मुलगा तयार झाला, हा आमचा खाजगी लाभ.

आणि लेखनिकाची गोष्ट. घरांतील वाद तिच्यावरून झाला म्हणून, व तिच्याविषयीं लोकांस माहिती थोडी म्हणून, ती जरा विस्तारानें सांगतों.

अंध परीक्षार्थीस उत्तरें तोंडीं सांगावयाचीं असतात व लेखनिकानें तीं लिहावयाचीं. लेखनिक परीक्षार्थीपेक्षां खालच्या इयत्तेंतील असावा लागतो, म्हणजे त्याचें ज्ञान परीक्षार्थीच्या उत्तरांत मिसळूं नये. अशा परीक्षार्थीस तासामागें वीस मिनिटें अधिक मिळतात. हें सर्व कागदावर सोपें दिसतें. प्रत्यक्षांत परीक्षा तोंडावर येते तेव्हां लेखनिक मिळत नाहीं. कारण नववीच्या मुलांची वार्षिक परीक्षाहि तेव्हां जवळ आलेली असते, आणि आमच्या बंधूंनीं घातलेला हिशेब प्रत्येक घरांत घातला जातो. मग आदल्या आठवड्यांत कोणास तरी धरून आणतात. त्याचें अक्षर कसें, वाचनाची गति कशी, याची परीक्षार्थीस ओळखहि नसते. बाईंनीं जुलैंतच फळ्यावर मजकूर लिहिला तो यासाठीं. सहा महिने आधीं जोडी जमली तर दोघींस एकमेकींची संवय होते.

आम्हीं हें घरीं सांगितलें. बंधूंनीं सही केली, परंतु सहामाहींत गुण उतरले तर काम बंद, ही अट घालून. दर रविवारीं सकाळीं ती मुलगी आपल्या आईबरोबर आमच्या घरीं येऊं लागली. आमच्या पुतणीपेक्षां वर्षभरानें मोठी, म्हणून आमच्या घरांत ती ताई झाली. पहिल्या रविवारीं तिनें आल्या आल्या ओसरीच्या पायऱ्या मोजल्या, व पुढें कधीं हात धरूं दिला नाहीं.

ऑगस्टच्या अखेरीस सरावाचा पहिला पेपर लिहिला गेला, इतिहासाचा. 'दर्पण' पत्राचें साल विचारलें होतें. ताईनें १८३५ सांगितलें. आमच्या पुतणीस तें साल १८३२ आहे हें ठाऊक होतें. बाळशास्त्री जांभेकरांवर तिनें त्याच महिन्यांत भाषण केलें होतें. तिनें लिहिलें १८३५च, पण लिहिण्यापूर्वीं क्षणभर थांबली. पेपर संपल्यावर ताई म्हणाली, "तूं तेथें थांबलीस. तूं थांबलीस कीं मला कळतें, माझें चुकलें. उत्तर बदलावें असा मोह होतो. थांबत जाऊं नकोस." वहिनी तेव्हां तेथें शेंगा सोलीत बसल्या होत्या, त्यांनीं हा संवाद आम्हांस जसाच्या तसा सांगितला. पुतणीनें कांहीं कपट केलें नव्हतें. पण ज्यास नजरेनें दिसत नाहीं त्यास आपला श्वासहि ऐकूं येतो, हें तिला कोणीं सांगितलेलें नव्हतें. त्यानंतर तिनें कागदावर लेखणी एका लयींत चालविण्याचा सराव सुरू केला, बरोबर उत्तरालाहि तीच लय आणि चुकीच्या उत्तरालाहि तीच.

नाना या प्रकरणांत कसे ओढले गेले तें सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. अंध विद्यार्थ्यांस गणिताऐवजीं सोप्या अंकगणिताची सवलत मिळूं शकते. ताईनें ती नाकारून नेहमींचें गणित घेतलें होतें. एका रविवारीं दोघी बीजगणिताशीं झगडत असतां नाना झोपाळ्यावर बसून ऐकत होते. ताई सांगे, "एक्स अधिक तीन, भागिलें दोन." आतां यांत दोन हे नुसत्या तीनास भागतात कीं साऱ्या राशीस? पुतणीनें एक लिहिलें, ताईच्या मनांत दुसरें होतें. नाना उठून आंत गेले, डोळ्यांवर उपरणें बांधून बाहेर आले, आणि म्हणाले, "मी सांगतों, तूं लिही." तीस वर्षें फळ्यावर खडूनें लिहून शिकविलेल्या त्या माणसास पहिलें समीकरण तोंडीं सांगतांना घाम फुटला. तिसऱ्या वेळीं जुळलें. त्या दिवसापासून त्यांनीं तिघांपुरती एक भाषा ठरविली. कंस उघडला कीं 'उघड', मिटला कीं 'मीट'. भागाकाराची रेघ कोठून कोठवर हें 'वर' व 'खालीं' म्हणून सांगावयाचें. आणि प्रत्येक पायरी लिहून झाली कीं लेखनिकानें तींच चिन्हें परत वाचून दाखवावयाचीं, आपल्या मनाचें कांहीं न घालतां. सहामाहींत पुतणीचे संस्कृतांत चार गुण उतरले. बंधूंनीं अटीची आठवण दिली. नाना म्हणाले, "चार गुणांचें मी पाहतों," व प्रकरण तेथेंच मिटलें.

परीक्षेच्या दालनांत काय घडलें तें पुतणी सांगत नाहीं. तसें ठरलेंच आहे. एका पेपरच्या दिवशीं मात्र ती घरीं येऊन जेवली नाहीं. वहिनींनीं खोदून विचारलें तेव्हां म्हणाली, "चार मार्कांचें उत्तर चुकीचें सांगितलें, आणि मीं तें सुवाच्य अक्षरांत लिहिलें." विषय कोणता हें तिनें आजवर सांगितलेलें नाहीं. त्या रात्रीं बंधु बराच वेळ तिच्याजवळ बसले होते. काय बोलले तें आम्हीं विचारलें नाहीं.

येथें एक तक्रार नोंदवितों. ज्या बाईंनीं हें सर्व उभें केलें त्या अर्धवेळ ग्रंथपाल आहेत. अर्धवेळ म्हणजे वेतन अर्धें. काम अर्धें असतें असें त्या खोलींत तासभर बसणाऱ्यास वाटणार नाहीं. आपल्या राज्यांतील पुष्कळ शाळांतून अशीच स्थिति आहे, आणि कित्येक ठिकाणीं तर ग्रंथपाल निवृत्त झाला कीं किल्ली एखाद्या शिक्षकाच्या खिशांत जाते, व फडताळें पुन्हां कुलूपबंद होतात. पालकसभेंत आपण प्रयोगशाळेची चौकशी करतों, बसची करतों, प्रसाधनगृहांची करतों. ग्रंथालय किती तास उघडें असतें, हा प्रश्न आम्हीं तरी त्या वर्षापर्यंत कधीं विचारला नव्हता. बाईंच्या चांगुलपणावर सारें चाललें आहे म्हणून व्यवस्थापकांनीं समाधान मानावें हें बरें नव्हे. चांगुलपणा आजारी पडतो, त्याची बदली होते, तो निवृत्तहि होतो.

घरांनीं करावयासारखें पुष्कळ आहे, पण त्यांतहि तारतम्य हवें. दिवाळीच्या साफसफाईंत निघालेलीं जुनीं मार्गदर्शकें व मागील पांच वर्षांचे प्रश्नसंच पोत्यांत भरून शाळेच्या दारांत उतरविणें यास ग्रंथदान म्हणत नाहींत. त्या पोत्यांचा निकाल लावण्यांत बाईंचे दोन शनिवार गेले होते. याद्या आधीं पाठवाव्यात, हवें तें त्यांनीं मागून घ्यावें. आमच्या माळ्यावरील मासिकांच्या बांधीव फायलींतून त्यांनीं दोनच मागितल्या, याचें आम्हांस किंचित वाईट वाटलें. ज्या घरांत निवृत्त माणसें आहेत त्यांनीं आठवड्यांतून एक तास दिला तर अधिक उपयोग. बाहेरच्या संस्थेच्या कामास मुलांस धाडतांना बाई संमतिपत्राखेरीज कोणास सोडीत नाहींत, व बरोबर कोणी मोठें माणूस असल्याशिवाय पत्ता देत नाहींत. कांहीं पालक याला काचणूक म्हणतात. आम्हांस ती फळ्यावरील सर्वांत शहाणी ओळ वाटली.

निकाल लागला. ताई उत्तीर्ण झाली. गणितांत तिला अपेक्षेपेक्षां कमी गुण मिळाले, व त्याचें दुःख तिच्याहून नानांस अधिक झालें. पेपर पुन्हां तपासून घ्यावा असें त्यांचें मत होतें, ताईनें हंसून नको म्हटलें. ती आतां कला शाखेंत अकरावींत आहे आणि तिला महाविद्यालयाच्या परीक्षांसाठीं नवा लेखनिक शोधावा लागणार आहे. आमची पुतणी दहावींत गेली, त्यामुळें तिला या वर्षीं कोणाचाहि दहावीचा पेपर लिहितां येणार नाहीं. जूनमध्यें शाळा उघडल्यावर फळ्यावर मजकूर लागला, कीं यंदां दोन लेखनिक हवेत, व सराव अमुक घरीं रविवारीं सकाळीं होईल. तें घर आमचें आहे, हें आम्हांस फळा वाचूनच कळलें. गेल्या रविवारीं नववींतील दोन मुली प्रथमच आल्या. नानांनीं उपरणें बांधलें, एक समीकरण सांगितलें, आणि पायरी परत वाचून दाखवावयास सांगितली. पहिलीनें वाचलें. "मीट राहिलें," नाना म्हणाले, व उपरणें न सोडतां पुन्हां पहिल्यापासून सांगूं लागले.